मापाची बंदूक

बंदुकीबद्दल कासम सोलकरला एकच गोष्ट ठाऊक नव्हती. ती उडवल्यावर खांद्याला दणका कसा बसतो, हे. बाकी सगळं ठाऊक होतं. नळीच्या आत गंज आधी कुठे धरतो, दस्त्याच्या लाकडाला तेल किती द्यायचं, नळ्या दस्त्यापासून सोडवताना हात कुठे ठेवायचा, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. दोह्यात, मदिनत खलीफा भागात, एका कतरी म्हाताऱ्याच्या घरी तो ड्रायव्हर होता. बंदुका पुसणं हे काम त्याच्या करारात कुठेच नव्हतं. ते मागाहून चिकटलं. घरात काम करणाऱ्या माणसाला अशी कामं चिकटतच जातात, आणि कासम नाही म्हणणाऱ्यांतला नव्हता.

शास्त्री नदीच्या काठी, संगमेश्वर तालुक्यात त्याचं गाव. एक्क्याण्णव साली कुवेतची लढाई संपल्यावर आखातात पुन्हा भरती सुरू झाली, तेव्हा तो आला. तीन वर्षांसाठी आला. तीन वर्षांसाठी सगळेच येतात. घराला चिरेबंदी भिंती झाल्या की जाऊ, बहिणीचं लग्न झालं की जाऊ, पोरगा शाळेला लागला की जाऊ. भिंती झाल्या, बहीण सुगरा नांदायला गेली, उमैर शाळेला लागला, त्याच्या पाठची अनमही लागली. कासम आपला मदिनत खलीफाच्या त्या व्हिलामागच्या खोलीतच होता.

गावी सव्वा एकर भाताचं शेत आणि वर चाळीस काजू. ते सगळं अब्बा सांभाळत, आणि घर मैमुना, कासमची बायको. शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराला तिकडून फोनवर एकच रड ऐकू यायला लागली. रानडुकरं. भात पोटरीला आला की कळपच्या कळप उतरायचे आणि एका रात्रीत अर्धी दळी, म्हणजे भाताचं खाचर, लोळवून जायचे. अब्बा शेतातल्या माळ्यावर बसून डबे वाजवत, हाकारे घालत. डुकरांना डब्यांची सवय झाली.

ही डुकरं काही कतारहून आली नव्हती. पण कतारमुळे आली होती असं म्हटलं तर ते खोटं ठरणार नाही. मोहल्ल्यात बावीस घरं, त्यांतल्या एकोणीस घरांतला कर्ता पुरुष दुबईला, कुवेतला नाहीतर कतारला. शेतं पड राहिली. त्यांत घाणेरी आणि करवंदी माजली, आणि त्या माजलेल्या रानात डुकरं व्याली. जे दोन-तीन लोक अजून पेरत होते त्यांच्यावर सगळ्यांच्या वाटणीची धाड पडत होती. कासमला हे कळत होतं. एकोणिसांतला एक आपण आहोत, हेही कळत होतं. म्हणूनच तर त्याने बंदूक मनावर घेतली.

त्याचा हिशेब सरळ होता. आधी बंदूक, मग मी. काडतुसाची चांगली बारा बोर बंदूक घरात आली की आपण कतारला सलाम ठोकायचा आणि गावी जाऊन स्वतःच्या शेताची राखण स्वतः करायची. डुकरं मारायचीही गरज नाही, नुसता बार काढला तरी पळतात. नोकरी सोडून गावी गेलेल्या माणसाला लोक विचारतात, काय करतोस? त्याला काहीतरी उत्तर लागतं. राखण करतो, हे कासमला चांगलं उत्तर वाटायचं. परवाना मात्र त्याच्या नावावर मिळण्यासारखा नव्हता, कारण शेतीच्या राखणीसाठी बंदूक मागणारा माणूस त्या शेतावर राहत असावा लागतो. म्हणून अर्ज अब्बांच्या नावाने गेला. पोलीस चौकशा, तलाठ्याचे दाखले, मामलेदार कचेरीचे खेटे असं सगळं होऊन दोन हजार सालच्या सुरुवातीला परवाना हातात आला. ठरलेल्या मुदतीत बंदूक विकत घेऊन ठाण्यात नोंदवायची, अशी अट त्यावर होती.

कासमने पंधरा हजार रुपये बाजूला काढले होते. त्यात काय बसतं, हे बघायला तो लागला तो लागलाच.

त्याचा मालक बू राशिद सत्तरीचा. तरुणपणी व्यापारासाठी मुंबईच्या फेऱ्या केल्या होत्या, म्हणून त्याला मोडकं का होईना, हिंदी येत होतं. त्याच्या मजलिसच्या, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या, आतल्या खोलीत पोलादी कपाटात चार बंदुका होत्या आणि थंडीच्या दिवसांत तो वाळवंटात मातीच्या चकत्या उडवून त्यांवर नेम धरायला जायचा. कासमने चकत्या उडवायच्या, काडतुसांची टरफलं गोळा करायची आणि घरी आल्यावर नळ्या पुसायच्या. ड्रायव्हरच्या हाती बार काढायला बंदूक द्यावी, असं म्हाताऱ्याच्या कधी मनात आलं नाही. कासमनेही कधी मागितली नाही. पण कासम स्वतःसाठी बंदूक घेतो आहे म्हटल्यावर म्हातारा खुलला. मास्तरासारखा खुर्चीत बसून शिकवायला लागला.

पैसे कमी असतील तर नवी वाईट घेऊ नकोस, जुनी चांगली घे, असं त्याचं पहिलं सांगणं. जुनी घेताना नळ्या सुट्या करून बोटावर टांगायच्या आणि लाकडाच्या तुकड्याने हळूच टकटक करायचं. घंटेसारखा नाद आला तर सांधा धड आहे, बद्द वाजलं तर उठून चालू लागायचं. नळी उजेडाकडे धरून आत बघायचं, कुठे पोचा किंवा खड्डा आहे का. बंदूक मिटल्यावर नळी आणि दस्ता यांच्या फटीत कागदसुद्धा जाता कामा नये. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे माप.

"गन को देखने का नहीं," बू राशिद म्हणायचा. "आँख बंद कर, गन कंधे पे ला, फिर आँख खोल. सीधा दिखा तो तेरा. नहीं दिखा तो दूसरे का."

त्याने कासमचा उजवा हात कोपरात दुमडून घेतला आणि कोपराच्या आतल्या घडीपासून पहिल्या बोटाच्या पेरापर्यंत फूटपट्टी लावली. सव्वाचौदा इंच. एवढ्या लांबीचा दस्ता हवा. लांब पडला तर काखेत अडकतो, आखूड पडला तर बार निघताना आपलाच अंगठा आपल्या नाकावर आदळतो.

कासमने ते माप एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवलं. एवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं. त्याने फळांच्या पेटीची एक फळी तासून तिला दस्त्याचा आकार दिला, बरोबर सव्वाचौदा इंच, आणि दुपारी खोलीचं दार लावून आरशासमोर डोळे मिटून ती खांद्याला लावायला लागला. बेचाळीस वर्षांचा बाप्या माणूस. घरच्या केरळी स्वयंपाक्याने एकदा खिडकीतून पाहिलं आणि दोन दिवस त्याला 'कॅप्टन' म्हणून हाक मारली. कासमला राग आला नाही. तो तेव्हा फार सुखात होता.

आणि तो निवड करत राहिला. एकनळी स्वस्त आणि नवी मिळते, पण बार एकच. दुनळी नवी घ्यायची तर पैसे पुरत नाहीत. जुनी दुनळी मिळेल, पण कोणी कशी वापरलेली? बाहेर घोडे असलेली बरी की बिनघोड्याची? नळी अठ्ठावीस इंची की तीस इंची? कोल्हापूरच्या दुकानदाराकडून मैमुना दरपत्रक मागवायची, त्यातले आकडे फोनवर वाचून दाखवायची. कासम ते लिहून घ्यायचा, बू राशिदला विचारायचा आणि पुढच्या शुक्रवारी नवा प्रश्न घेऊन परत फोन लावायचा. टेलिफोनचं एक कार्ड असल्या बोलण्यात कधी संपायचं, कळायचंही नाही.

"अवो, एकनली घ्या नायतर दुनली," मैमुना एकदा म्हणाली. "पन घ्या. भात पोटरीला आलाय."

"घाई करून चालत नाय, मैमुना. ही काय वरसावरसाला घ्यायची वस्तू हाय?"

मुदत वाढवून घ्यावी लागली. तो हंगाम गेला.

कासमचा यात दोष होता का? होता. पण त्याची बाजूही सांगायला हवी. आयुष्यात त्याने स्वतः होऊन काही निवडलेलं नव्हतं. शाळा सुटली ती बापाने सोडवली, बायको मामाने बघितली, देश एजंटाने ठरवला, मालक नशिबाने. पानपट्टीवर उभं राहून विडीची जात निवडण्यापलीकडे त्याची मजल गेली नव्हती. आता पहिल्यांदाच एक वस्तू अशी होती की हीच हवी, ती नको, असं म्हणायचा अधिकार त्याचा होता. ते म्हणणं त्याने लांबवलं. गोड खाऊ पुरवून पुरवून खावा तसं लांबवलं. गावी एकेक दळी नासत होती आणि इकडे हा दस्त्याच्या लाकडावरची नक्षी कशी असावी यावर विचार करत होता.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आसपास कोल्हापूरहून खबर आली की एक जुनी दुनळी विकायला आली आहे. जंगलखात्यातल्या एका मयत साहेबाच्या घरची, जपलेली, चौदा हजाराला. दुकानदाराने दस्त्याचं माप कळवलं होतं, सव्वाचौदा. कासमला वाटलं, झालं. ही माझीच. पण त्याची रजा मार्चमध्ये आणि वाढवलेली मुदत जानेवारीत संपत होती. तेव्हा त्याने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे बू राशिदला जाऊन सांगितलं की मार्चमध्ये मी कायमचा जातो. म्हाताऱ्याला वाईट वाटलं, पण तो 'इन्शाल्ला' म्हणाला आणि नव्या ड्रायव्हरसाठी एजन्सीला कळवलं. दुसरी म्हणजे शफीकला गाठलं.

शफीक त्याच्याच मोहल्ल्यातला, वयाने लहान, मेसईदला खताच्या कारखान्यात फिटर. तो डिसेंबरात सुटीवर निघाला होता. कासमने त्याला दोह्यातल्या बिन महमूद भागातल्या एका हॉटेलात समोर बसवून दोन तास शिकवलं. अब्बांना गाडी करून कोल्हापूरला ने. नळ्या टांगून वाजव. उजेडाला धर. कागद सारून बघ. सगळं एका कागदावर लिहून दिलं, खाली पैशांचा ड्राफ्ट जोडला. शफीक बिचारा फिटर माणूस, त्याला यंत्राचं कळत होतं. त्याने कागद नीट घडी करून खिशात ठेवला.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी, जुम्म्याची नमाज झाल्यावर, तो त्याच हॉटेलात कासमला भेटला. घरून मैमुनाने दिलेली फणसपोळी आणि काजूची पिशवी त्याने टेबलावर ठेवली. चहा मागवला.

"मिल्ली?" कासमने विचारलं.

"मिल्ली. ठान्यात नोंद पन झाली. नंबर चढला."

"नल्या वाजवून बगितल्यास?"

शफीकने चहात साखर घातली आणि गरजेपेक्षा जास्त वेळ ढवळली. "कासमभाय, दुनली नाय घेतली. एकनली घेतली. नवी हाय, हलकी हाय."

"अरे, पन दुनली माझ्या मापाची होती! अब्बांना कोनी सांगितला एकनली घ्यायला?"

"अब्बांना काय सांगनार, कासमभाय? अब्बा दुकानात खुर्चीवर बसून व्हते. सही केलानी, अंगठा दिलानी. त्यांना आता दिसत नाय." शफीक खालच्या आवाजात बोलत होता. "दोन वरसं झाली. समोर मानूस हाय का भिंत, तां पन कलत नाय."

कासम दोन वर्षांपूर्वी सुटीवर गेला होता तेव्हा अब्बा मोतीबिंदूचं काही बोलले होते खरे. पुढे फोनवर कोणी काही म्हटलं नाही, आणि त्याने विचारलं नाही.

"मग राखन कोन करतंय?"

"भाबी."

"कोन भाबी?"

"मैमुनाभाबी," शफीक म्हणाला. "दोन हंगाम झाले. तीच बसते माल्यावर. अनमला घरात अब्बांपाशी ठेवते आनि जाते. दुकानात तिनंच बंदूक बगितलान. दुनली उचललान आनि बोल्ली, हात भरून येतो, चिखलात उभं ऱ्हावून ही कोन धरनार? मग एकनली उचललान. ती बरी वाटली. पन दस्ता लांब पडत व्हता. दुकानदाराला बोल्ली, काप."

"काप?"

"दीड इंच. समोरच कापलान त्यानं करवतीनं."

कासमला राग आला. आपल्यापासून बापाचं आंधळेपण लपवलं, बायको रात्ररात्र रानात बसली, यातल्या कशाचा तरी राग यायला हवा होता. पण माणूस कशावर रागावेल याचा नेम नसतो. तो त्या लाकडावर रागावला.

"दस्ता कापला की तो परत जोडता येत नाय, माहीत हाय तुला?" तो जोरात म्हणाला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. "कायमचा बाद होतो. दुसऱ्या कोनाला चालत नाय मग तो."

"मला माहीत हाय," शफीक म्हणाला. "दुकानदार पन तांच बोल्ला. भाबी बोल्ली, दुसरा कोन हाय?"

त्या दिवशी कासमने फोन लावला तेव्हा कार्डावर बरीच मिनिटं शिल्लक होती. मैमुनाने पहिल्याच घंटीला उचलला. शफीक भेटला असणार, हे तिला ठाऊक होतं.

"मला सांगितला का नाय?" कासमने विचारलं.

"सांगितला असता तर तुमी आला असताव."

"आलोच असतो!"

"मग? उमैरच्या कॉलेजचा काय? अब्बांची औषधं? डोल्यांचा ऑपरेशन करून पन काय झाला नाय, त्याचे पैसे तुमीच पाठवलाव, शौचालयाचे म्हनून." मग तिचा आवाज जरा मऊ झाला. "बंदूक आली तर येनार, बंदूक आली तर येनार, तुमी दर जुम्म्याला सांगत व्हताव. मी पन वाट बघितली. एक हंगाम बघितली. पन डुकरं वाट बघत नाय. मग मीच गेले. पयल्यांदा भ्या वाटला. आता नाय वाटत."

"दुनली घेतली असतीस तर मी आल्यावर..."

"अवो, तुमी बंदुकीचा इतका इचारलाव," मैमुना म्हणाली, "नली किती, दस्ता किती, घोडा कसा. भात किती झाला, हे एकदा पन इचारलाव नाय."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या आवाजात राग नव्हता, भांडण नव्हतं, टोमणासुद्धा नव्हता. भाताचं सांगावं तसं तिने ते सांगितलं. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"किती झाला?" त्याने शेवटी विचारलं.

"नऊ मण," ती म्हणाली. "वाचला तेवढा."

आठवडाभर तो विचार करत राहिला. मार्चला तीन आठवडे उरले होते. जायचं तर कोण अडवणार होतं? पण जाऊन काय करायचं, हा प्रश्न उभा होता. राखण करतो, हे उत्तर गेलं होतं. त्या जागेवर माणूस बसलेला होता, कामाला रुळलेला होता, आणि त्याच्या मापाने लाकूडही कापून झालं होतं. शिवाय घर चालत होतं ते कासमच्या पगारावर, हे मैमुनाने सांगितलंच होतं. घराला त्याचे पैसे हवे होते. तो हवा होता की नाही, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

तो बू राशिदकडे गेला आणि म्हणाला, जात नाही. म्हाताऱ्याने कारण विचारलं नाही. नवा ड्रायव्हर येऊन पोहोचला होता, त्याला त्याने आपल्या मुलाच्या घरी पाठवून दिलं आणि बंदुकांच्या कपाटाची किल्ली परत कासमपुढे टाकली. "खलास," म्हणाला. "तू अच्छा आदमी है." कासमने त्या दिवशी चारही बंदुका पुसल्या, त्यांतल्या दोन पुसायची गरज नव्हती तरी.

सप्टेंबरात तो सुटीवर गावी गेला. मैमुनाने न मागता बंदूक आणून त्याच्यापुढे ठेवली. पोलीस पाटलाने तिच्याबाबत कानाडोळा केला होता, तसाच याच्याबाबतही केला असता. कासमने ती खांद्याला लावली आणि उजव्या हाताचा अंगठा थेट नाकाला टेकला. त्याने पुन्हा लावून पाहिली. मैमुना उभी होती. तिने घेतली आणि सहज, न बघता, कोपराच्या एका हालचालीत खांद्याला लावली. कासमला त्या विद्येतलं सगळं कळत होतं, त्यामुळे आपण काय बघतो आहोत तेही कळलं.

तरी हट्टाने तो एका रात्री माळ्यावर बसला. दहा वर्षं एसीच्या घरघरीत झोपलेल्या माणसाला रानातले आवाज एकसारखे वाटतात. सळसळ झाली की तो बंदूक उचलायचा आणि वारा निघायचा. आणि खरोखर डुकरं आली तेव्हा तो वारा समजून बसून राहिला. उशिरा बार काढला. आयुष्यातला पहिला बार. खांद्याला कसं लागतं ते कळलं, नाकाला कसं लागतं तेही कळलं. सकाळी खालच्या दळीतला एक कोपरा गाढवं लोळल्यासारखा झोपला होता. मैमुनाने बघितलं. संध्याकाळी डोक्याला रुमाल बांधून बंदूक घेतली.

"तुमी झोपा," ती म्हणाली. "प्रवासानं दमलाव."

त्याला येऊन बारा दिवस झाले होते.

उरलेल्या सुटीत कासमने बंदुकीचं एवढंच केलं की ती रोज सकाळी पुसली. बू राशिदकडच्या बंदुकांसारखी तिची नळी चकचकीत झाली. अनमला तेलाचा फडका कसा फिरवायचा ते शिकवलं. अब्बा ओट्यावर बसून तेलाच्या वासाने विचारायचे, कासम आलाय काय? आणि तो म्हणायचा, हो अब्बा, आलोय. दर वेळी त्यांना पुन्हा सांगावं लागायचं.

अब्बा दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात गेले. कासम दफनाला पोहोचला नाही, तिसऱ्या दिवशी जियारतीला पोहोचला. परवाना अब्बांच्या नावाचा, म्हणून बंदूक ठाण्यात जमा करावी लागली. देवरुखच्या वकिलाने सांगितलं की आता नवा परवाना मैमुनाच्या नावाने मागू, शेतावर तीच राहते, तीच कसते, काही अडचण येणार नाही. फक्त बंदूक तिच्याकडे जायला वारसांची हरकत नाही, असे कागद लागतील. सुगराने तिथेच सही केली. कासमही करणार होता, पण वकिलाचा कागद तयार व्हायच्या आत त्याची सुटी संपली. मग तो कागद टपालाने दोह्याला आला. सही भारतीय वकिलातीत, साहेबासमोर करायची होती.

भात पोटरीला यायला महिना होता. बंदूक ठाण्यात आणि मैमुना डबे वाजवत, म्हणजे कागद लवकर जायला हवा होता. कासमने बू राशिदकडून सकाळची दोन तासांची सवड घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि वकिलातीत जाऊन रांगेत उभा राहिला. पुढे पासपोर्ट हरवलेला एक गवंडी होता आणि नुकतंच बाळ झालेलं एक जोडपं. दीड तासाने त्याचा नंबर लागला.

खिडकीमागच्या बाबूने पासपोर्ट बघितला, फोटो बघितला, कागद उलटासुलटा केला. "यह तो मराठी में है. मैं साउथ का हूँ, हिंदी बोल लेता हूँ, मराठी पढ़ना नहीं आता. क्या लिखा है, बता दीजिए."

"बंदूक का कागज है, साब. खेती का."

"वो ठीक है. लिखा क्या है? आप किस बात पर साइन कर रहे हैं, वो मुझे मालूम होना चाहिए."

कासमने कागद पुढ्यात घेतला. वकिलाने सुरेख टाइप केला होता. मी कायम कतार येथे वास्तव्यास असून मौजे मजकुरी राहत नाही, सबब सदर शेतीची राखण करण्यास असमर्थ आहे. हे त्याने खोलीवर चार-पाचदा वाचलं होतं आणि वकिली भाषा म्हणून सोडून दिलं होतं. तोंडाने कधी म्हटलं नव्हतं. तेरा वर्षांत कोणी विचारलं की कुठे राहतोस, तर तो गावाचं नाव सांगायचा. कतारला असतो, म्हणायचा. राहतो गावी.

मागची रांग चुळबुळ करत होती. बाबूने पेन उघडून त्याच्यापुढे धरलं.

"लिखा है," कासम म्हणाला, "मैं उधर नहीं रहता."

"और?"

"और खेत मेरी बीवी संभालती है. बंदूक उसको दे दो."

"बस?"

"बस, साब."

"ठीक है. इधर साइन कीजिए," बाबू म्हणाला, आणि बोटाने जागा दाखवली.